उचलली जीभ, लावली स्पेलिंगला

आमच्या धाराशिव जिल्ह्यात कुणी ‘ठेसन’ म्हणालं की चारचौघांत हसू फुटतं. ‘इस्कूल’, ‘डायव्हर’, ‘टॅक्टर’, ‘लायसन’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांची नक्कल करून लग्नाच्या पंगतीत टाळ्या मिळवणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांचं स्वतःचं इंग्रजी ‘ॲक्च्युअली’ आणि ‘बेसिकली’च्या पलीकडे फारसं जात नाही, ही गोष्ट वेगळी. ज्या बापाने मोंढ्यात पोती उचलून पोराला इंग्रजी शाळेत घातलं, त्याच बापाच्या ‘ठ’ची पोराला पालकसभेत लाज वाटते.

आणि साहेब? साहेबाने पुण्याचं पूना केलं, खडकीचं किर्की केलं, भायखळ्याचं बायकला आणि शीवचं सायन केलं. वसई आधी पोर्तुगिजांच्या तोंडात सापडली आणि उरलीसुरली इंग्रजांनी ‘बॅसीन’ करून टाकली. यावर कुणाला हसू आलं नाही. आपण ते निमूटपणे पाट्यांवर रंगवलं, तिकिटांवर छापलं, पोरांकडून पाठ करून घेतलं. पुण्याचं इंग्रजी स्पेलिंग सुधारायला १९७८ साल उजाडावं लागलं, म्हणजे साहेब बोटीत बसून गेल्याला तीस वर्षं उलटल्यावर. खडकीतल्या युद्धस्मशानाच्या नावात तर ‘किर्की’ अजून सुखाने नांदते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: शब्द चुकला की नाही हे उच्चारावरून ठरत नाही, बोलणारा कुठल्या खुर्चीत बसला आहे त्यावरून ठरतं. गरिबाने शब्द मोडला की तो अडाणी. साहेबाने मोडला की ते स्पेलिंग. बळी तो कान पिळी, आणि कान पिळून झाला की जीभही पिळी.

हा माझ्या मनाचा खेळ वाटत असेल तर दस्तुरखुद्द चर्चिलसाहेबांना विचारा. एप्रिल १९४५. बर्लिन पडायच्या बेतात, अर्धा युरोप जळलेला. अशा वेळी ब्रिटनच्या पंतप्रधानांनी परराष्ट्र खात्याला एक टिपण धाडलं, तेही गावांच्या नावांवर. इंग्रजांच्या तोंडात बसलेली परकी नावं बदलायची नाहीत, कॉन्स्टँटिनोपल सोडायचं नाही, आणि अंगोऱ्याच्या मांजरांमुळे आपल्याला ओळखीचं झालेलं अंगोरा तर ‘अंकारा’ होऊ द्यायचं नाही, असा त्यातला हुकूम. आज ढिलाई केली तर उद्या लेगहॉर्नला लिव्होर्नो म्हणायची वेळ येईल, ही भीती. आणि वर तत्त्वज्ञान असं की परकी नावं इंग्रजांच्या सोयीसाठी असतात, इंग्रज परक्या नावांच्या सोयीसाठी नसतात. तुर्कस्तानने आपल्या शहरांची नावं काय ठेवावीत, हे लंडनमधल्या मांजरप्रेमींनी ठरवायचं!

त्यातलं लेगहॉर्न आपल्या ओळखीचं आहे. आपल्याकडच्या कुक्कुटपालनवाल्याच्या शेडमध्ये पांढरी लेगहॉर्न कोंबडी असते, तिचं नाव इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरून पडलं. इंग्रजांच्या तोंडात त्या बंदराचं झालं ‘लेग’ आणि ‘हॉर्न’. पाय आणि शिंग. कोंबडीला शिंग कुठून आलं, असा प्रश्न आपल्याला पडलाच नाही. साहेबाच्या चुकाही आपण आयात केल्या आणि खाद्य घालून वाढवल्या.

इंग्रजांच्या जिभेचा हा पराक्रम फक्त काळ्या-सावळ्या मुलखात झाला असंही नाही. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ‘ईप्र’ या गावी त्यांचे सोल्जर हजारांनी मेले, पण गावाचं नाव काही त्यांना घेता आलं नाही. त्यांनी त्याचं ‘वायपर्स’ केलं आणि १९१६ मध्ये खंदकात बसून ‘वायपर्स टाइम्स’ नावाचं वर्तमानपत्रही काढलं. प्लुगस्टेर्टचं ‘प्लग स्ट्रीट’ झालं. ‘बेलेरोफोन’ या ग्रीक वीराचं नाव दिलेल्या आपल्याच युद्धनौकेला त्यांचे खलाशी ‘बिली रफियन’ म्हणत. सोल्जरने असं बोलण्यात काही गैर नाही. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाकडून फ्रेंच व्याकरण कोण मागेल? फरक इतकाच की सोल्जरच्या ‘वायपर्स’ला इंग्रज प्रेमाने गंमत म्हणतात आणि आमच्या म्हाताऱ्याच्या ‘ठेसन’ला आम्ही अडाणीपणा म्हणतो.

हिंदुस्थानात तर त्यांना रान मोकळं मिळालं. बंगालचा नवाब सिराजउद्दौला त्यांच्या तोंडी ‘सर रॉजर डाउलर’ झाला. ज्याचं राज्य घ्यायचं त्याला आधी ‘सर’ करून टाकला, हे सौजन्य मानलं पाहिजे. मोहरममधला ‘या हसन! या हुसैन!’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांना ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा ऐकू आला. आपल्या मराठवाड्यात मोहरमच्या सवाऱ्यांपुढे हिंदूही चालतात, मुसलमानही चालतात. करबल्याच्या शोकाची ती हाक यांच्या कानात दोन कारकुनांची जोडगोळी झाली. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांचा अँग्लो-इंडियन शब्दांचा जाडजूड कोश निघाला, त्याला नाव हेच दिलं: ‘हॉब्सन-जॉब्सन’. कोश विद्वत्तेचा आहे, कामाचा आहे, मी तो वापरतो. पण शोकाच्या हाकेची चेष्टा मुखपृष्ठावर मिरवायला जी बेफिकिरी लागते, ती फक्त राज्यकर्त्यालाच परवडते.

काळानेही एक सूड उगवला. ‘विलायती’ या आपल्या शब्दाचं ‘बिलायती’ झालं, त्याचं गोऱ्या शिपायांनी ‘ब्लायटी’ केलं आणि पहिल्या महायुद्धात खंदकातला प्रत्येक टॉमी आपल्या मायदेशाला ‘ब्लायटी’ म्हणून आठवत रडला. इंग्लंडचं लाडकं नाव म्हणजे आपलाच शब्द, त्यांनीच मोडलेला.

आता आपल्या जिल्ह्यात या. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या हवाली केला. तिथला कारभार पाहायला आला फिलिप मेडोज टेलर. १८३९ मध्ये त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी विलायतेत गाजली होती. तिच्यामुळे ‘ठग’ हा आपला शब्द इंग्रजीत घरोघर पोचला. पण पोचताना त्याचा ‘ठ’ मेला आणि तो ‘थग’ झाला. आजही अमेरिकेतला पोलीस गुंडाला ‘थग’ म्हणतो. ठगालाही ठगवणारी ही एकच भाषा. टेलर स्वतः मात्र त्यातला नव्हता. इथल्या भाषा शिकलेला, रयतेत मिसळणारा माणूस; तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ ही कादंबरी लिहिणारा. पण लिहायची वेळ आली की त्याच्याही कागदावर ‘नल्ड्रूग’ आणि ‘टूलजापूर’च उमटायचं. कारण ते कागद इथल्या लोकांसाठी नव्हतेच, लंडनच्या वाचकाच्या जिभेसाठी होते.

१८६० मध्ये जिल्हा निजामाकडे परत गेला, स्पेलिंग मात्र राहिलं. पुढे विल्यम हंटरने लिप्यंतराची शिस्त आणली तेव्हा ‘टूल’चं ‘तुल’ झालं, दीर्घ स्वरांवर रेघा आल्या. पण इम्पीरियल गॅझेटियरमध्ये नळदुर्गाच्या शेवटी ‘डी-आर-यू-जी’च राहिलं. आदिलशाहीत बोरी नदीवर धरण बांधून त्यात पाणीमहाल उभारणाऱ्या किल्ल्याला इंग्रजी वाचणारा माणूस ‘ड्रग’ म्हणून ओळखणार! पुढे टंकलेखन यंत्रात त्या रेघाही गळाल्या. आणि ‘ळ’? भाषातज्ज्ञ एलच्या खाली टिंब देऊन तो दाखवतात. तहसिलीच्या कारकुनाकडे ते टिंब कधी पोचलंच नाही.

यापेक्षा ग्रीक परवडला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या एका बाजारपेठेचं नाव नोंदवलं: तगर. तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचं. भडोचचं म्हणजे भरुकच्छाचं त्यानेही ‘बारीगाझा’ करून ठेवलं, पण तगरला त्याने धक्का लावला नाही. शिलाहार राजेही शतकानुशतकं ‘तगरपुरवराधीश्वर’ हेच बिरुद मिरवत राहिले. ते तगर म्हणजे आपलं तेर, गोरोबाकाकांचं तेर. १९०१ मध्ये फ्लीट या इंग्रज अभ्यासकानेच ही ओळख पक्की केली. ना शाळा, ना इंटरनेट, तरी तो व्यापारी ‘तगर’ बरोबर लिहून गेला. आज मोबाइलमधला नकाशा त्याच गावाला ‘टर’ म्हणतो. दोन हजार वर्षांची प्रगती ती हीच.

नकाशाचा विषय निघालाच आहे तर ऐका. पुण्याच्या पाहुण्यांबरोबर जीपने कळंबला निघालो होतो. रस्ता ड्रायव्हरच्या पायाखालचा, तरी पाहुण्यांनी मोबाइल लावलाच. येडशी मागे पडली. येरमाळ्याच्या फाट्याजवळ मोबाइलमधली बाई म्हणाली, उजवीकडे वळा, ‘कॅलॅम्ब’ रोड.

ड्रायव्हरने गाडी हळू केली. “साहेब, ही बाई कुठल्या गावाला चाललीया? आपल्याला कळंबला जायचंय की.”

“अहो, कळंबच म्हणतेय ती.”

“मग आधी तिला गाव शिकवा,” ड्रायव्हर म्हणाला, “अन् मग तिला रस्ता इचारा.”

त्या बाईने येरमाळ्याचं ‘येरमॅला’ केलं होतं. येडेश्वरीला काय वाटलं असेल! वाशी तालुक्याचं स्पेलिंग डब्ल्यूने सुरू होतं, म्हणून ते तिच्या तोंडी ‘वॉशी’; जणू तिथे धुलाई यंत्रांचा कारखाना आहे. परांड्याचं ‘पॅरॅन्डा’. आणि भूमचं ‘बूम’. आमच्या भूम तालुक्याने पाण्याचे टँकर पाहिले, चारा छावण्या पाहिल्या. ‘बूम’ आली ती फक्त इंग्रजी उच्चारात.

बाहेरच्या जगात तरी काय वेगळं आहे? २४ फेब्रुवारी २०२० ला अहमदाबादच्या मोटेरा स्टेडियमवर अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी आपल्या सचिनला ‘सूचिन’ केलं, विवेकानंदांचं नाव तर असं चघळलं की स्वामीजींनाही ओळखू आलं नसतं. समोर लाखभर माणसं. टाळ्या थांबल्या नाहीत. हेच एखाद्या गावच्या सरपंचाने वॉशिंग्टनला जाऊन ‘टरंप’ म्हटलं असतं तर आपल्याच वाहिन्यांनी ती क्लिप महिनाभर फिरवली असती. ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हाइट हाउसमधल्या दिवाळीत बायडन यांनी ऋषी सुनक यांचं ‘रशी सनूक’ केलं. हे निदान जीभ घसरल्यातलं. पण त्याआधी दोन वर्षं, जॉर्जियातल्या प्रचारसभेत सिनेटर पर्ड्यू यांनी कमला हॅरिस यांच्या नावाचं ‘कमाला-माला-माला’ केलं आणि ‘जे असेल ते’ म्हणून उडवून लावलं. बाई त्यांच्याच सभागृहात तीन वर्षांहून अधिक काळ बसत होत्या. ‘कमला’ ही तीन अक्षरं कठीण नाहीत. त्यांना ती म्हणायची नव्हती. जीभ अडखळणं आणि जीभ दाखवणं यांतला फरक शाळकरी पोरालाही कळतो.

आता कुणीतरी म्हणेल, तुम्ही काय कमी आहात? एल्फिन्स्टनला ‘अलपिष्टन’ कुणी केलं? पहाऱ्यावरच्या इंग्रज शिपायाने ‘हू कम्स देअर’ विचारलं, त्याचं ‘हुकुमदार’ कुणी केलं? आम्हीच केलं, आणि झकास केलं! परका शब्द घरात आला की तो घरच्यांसारखा बोलू लागतो, ही जगातल्या प्रत्येक भाषेची रीत. पोर्तुगिजांच्या दवाखान्याचं आपण इस्पितळ केलं आणि त्यात आपल्या दहा पिढ्या बऱ्या झाल्या. इंग्रजीने आपला जगन्नाथ घेऊन त्याचा ‘जगरनॉट’ केला, त्याबद्दलही माझी तक्रार नाही. शब्द घ्या, मोडा, वापरा. पण अलपिष्टन म्हणून झाल्यावर आपण त्या साहेबाला सही ‘अलपिष्टन’ अशी करायला लावली नाही. त्याच्या गावाची पाटी उतरवून आपल्या उच्चाराची टांगली नाही. ठेसन म्हणणारा म्हातारा फक्त परक्याचा शब्द वाकवतो. ‘कॅलॅम्ब’ म्हणणारा दुसऱ्याचं गाव वाकवतो आणि गावकऱ्यालाच विचारतो, बरोबर ना?

नियम साधा आहे. ज्याचं नाव, त्याचा उच्चार. आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. आयर्लंडमध्ये त्यांना ‘व्हरॅडकर’ म्हणतात आणि ते स्वतःही तसंच म्हणतात. मग तेच बरोबर, तुम्हीआम्ही ओढाताण करायची गरज नाही. हाच मान आपण इंग्रजांनाही देत आलो आहोत. लिहायचं ‘लायसेस्टर’ आणि म्हणायचं ‘लेस्टर’, लिहायचं ‘वोर्सेस्टर’ आणि म्हणायचं ‘वूस्टर’, ‘कॉकबर्न’चं ‘कोबर्न’: हे सगळं परांड्याच्या पोराने मुकाट्याने पाठ केलं. चुकला तर छड्या खाल्ल्या. मग परांडा म्हणायला लंडनच्या माणसाची जीभ का झिजते? बीबीसीसारख्या संस्थेत परक्या नावांचे उच्चार तपासणारा स्वतंत्र विभाग आहे. मनात आणलं की जमतं.

पण इंग्रजांना चार शब्द सुनावून झाले म्हणून आपण मोकळे झालो नाही. खरे गुन्हेगार घरातच बसले आहेत. जिल्ह्याच्या नावावरून आपण किती वर्षं भांडलो! धाराशिव की उस्मानाबाद, यावर निवडणुका झाल्या. २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली, २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. त्या वादात मी आज पडत नाही. पण ज्यांनी गळे काढले, त्यांच्या नातवंडांच्या तोंडून ते नाव एकदा ऐका. उस्मानाबाद होतं तेव्हा ते इंग्रजी शाळेत ‘ऑस्मॅनाबॅड’ होतं. ‘आबाद’ म्हणजे नांदतं गाव; इंग्रजीत वाचलं की शेवटी ‘बॅड’. आता धाराशिव झालं तर ‘डॅराशिव’. ध नाही, त्यामागचा आ नाही. ज्यांना उस्मानाबाद नीट म्हणता आलं नाही त्यांना धाराशिवही म्हणता येत नाही. आमची उस्मानाबादी शेळी तेवढी शहाणी. नाव बदललं नाही आणि तिला कुणी इंग्रजी माध्यमातही घातलं नाही.

वाहिनीवरचे मराठी निवेदक ‘तुलजाभवानी’ म्हणतात तेव्हा माझं रक्त उकळतं. ही जीभ इंग्रज आईच्या पोटातून आलेली नाही. आजीने ‘तुळजाभवानी’ म्हणून ओवाळलेल्या पोराने प्रॉम्प्टरवरचा रोमन ‘एल’ वाचला आणि देवीचा ‘ळ’ गिळला. सरकारी कामातही तीच तऱ्हा. माणूस आपलं नाव मराठीत सांगतो, खिडकीतला पोरगा ते रोमनमध्ये टंकतो आणि यंत्र त्याचं पुन्हा मराठी करतं. मुळे आडनावाचा गृहस्थ ‘मुले’ होऊन बाहेर पडतो, शेळके ‘शेलके’ होतात, काळे ‘काले’ होतात. माझ्या ओळखीचे एक शेतकरी सातबाऱ्यावर ‘मुळे’ आणि ओळखपत्रावर ‘मुले’ आहेत. दोघे एकच, हे सिद्ध करायला त्यांना शपथपत्र करावं लागलं; स्टॅम्पपेपर, वकील, झेरॉक्स आणि दोन दिवसांची मजुरी. खिडकीतला पोरगा म्हणाला, “काका, एका अक्षरानं काय होतं?” होतं काय, ते काकांच्या खिशाला विचार.

या सगळ्यात शहाणी निघाली ती एसटी. तिच्या कपाळावरची पाटी देवनागरीत असते: कळंब, तुळजापूर, नळदुर्ग. ती वाचून आजवर कुणी ‘कॅलॅम्ब’ला पोचला नाही.

तेव्हा सांगायचं ते सरळ सांगतो. पोराचा शाळेचा फॉर्म भरताना गावाचं नाव देवनागरीत लिहा. रकाना नसेल तर समासात लिहा. खिडकीवर नाव टंकून झालं की पडदा आपल्याकडे वळवायला सांगा, मराठी अक्षरं वाचा आणि चूक असेल तर सुधारून घेतल्याशिवाय हलू नका. मागची रांग ओरडेल. ओरडू द्या, त्यांच्यातही एखादे मुळे असतीलच. निवेदक ‘तुलजा’ म्हणाला तर वाहिनीला कळवा. फोनवरून कर्ज विकणारी मुलगी ‘बूम तालुका’ म्हणाली तर आधी तिच्याकडून ‘भूम’ म्हणवून घ्या, मग कर्ज नको म्हणा. इंग्रजीच्या सरांनी ‘लेस्टर’ जरूर शिकवावं, त्याच तासाला येरमाळाही शिकवावं. तुळजापूर, कळंब, नळदुर्ग, येरमाळा, जळकोट, इटकळ: या जिल्ह्याच्या नावानावात ‘ळ’ आहे. ज्याला तो येत नाही त्याने शिकावा. ज्याला येतो त्याने गिळू नये.